शनिवारी नवस बंद

लातूरच्या स्टेशनावर मी एका ननच्या गळ्यात गुलाबाचा हार घातला आणि हात जोडून "शालोम" म्हणालो.

यात माझी चूक किती आणि परिस्थितीची किती, यावर आमच्या घरात दोन मतं आहेत. एक माझं आणि एक बाकी सगळ्यांचं. इस्रायलहून एक बाई येणार होत्या, पंचाहत्तरी ओलांडलेल्या, त्यांना ओळखायला एवढंच माझ्या हाताशी होतं. मुंबईची गाडी सकाळी लागली. मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचा आठवडा होता. अशा आठवड्यात लातूरला उतरणाऱ्या प्रत्येक कुटुंबाबरोबर डब्यांची एक पिशवी आणि एक रडवेली मुलगी असते. त्या गर्दीत पांढऱ्या झग्यातल्या, गळ्यात काहीतरी धार्मिक घातलेल्या एकच वयस्कर बाई दिसल्या आणि मी पुढे झालो. त्यांनी हार शांतपणे काढून माझ्या हातात परत दिला. आपण उदगीरकडच्या एका शाळेत गणित शिकवतो, असं सांगितलं आणि म्हणाल्या, "शब्द बरोबर आहे तुमचा. पत्ता चुकलाय."

तेवढ्यात मागून आवाज आला, "अहो, मी इकडे. ही बॅग जरा उचलता का? चाक तुटलंय हिचं."

वळून पाहिलं तर सुती साडी, बारीकसा अंबाडा, खांद्याला कापडी पिशवी. थेट माझ्या आत्यासारखी दिसणारी बाई. आठवडाभर आरशासमोर पाठ केलेलं इंग्रजी स्वागत मी गिळून टाकलं. रिक्षात बसेपर्यंत हेही कळलं की बाईंचं मराठी माझ्यापेक्षा चांगलं आहे, आणि मी कॉलेजात मराठी शिकवतो. ज्या गावात फिजिक्सच्या मास्तरांचे फोटो चौकाचौकात सिनेमाच्या नटासारखे टांगलेले असतात, त्या गावात मी मराठी शिकवतो. माझा फोटो फक्त आधार कार्डावर आहे.

बाई आपल्या आजोबांना न्यायला आल्या होत्या. आजोबा आमच्या परसात होते. त्यांना जाऊन ऐंशी-नव्वद वर्षं झाली असतील.

हे जरा नीट सांगायला हवं.

निजामाच्या राज्यात, रझाकारांचं नावही कुणी ऐकलं नव्हतं अशा काळात, मुंबईहून एक व्यापारी कापसाच्या धंद्यासाठी आमच्या भागात आला. मूळचा अलिबागकडचा, बेने इस्राएल, म्हणजे आपल्यासारखंच मराठी बोलणारा यहुदी. माझे आजोबा त्याच्याकडे मुनीम होते. पुढे जे सांगतोय ते सगळं आजोबांकडून आलेलं आहे आणि वाटेत माझ्याकडे थोडं वाढलेलं आहे.

नांदेडला त्याचं राहतं घर होतं, गोदावरीच्या बाजूला, आणि घराला लागून भाड्यानं दिलेल्या खोल्यांची एक लांब रांग. लातूरला कापसाच्या वखारी. बायकामुलं नांदेडला, आणि तो स्वतः हंगामभर लातूरला. गाव त्याची जात ठरवायला बसलं आणि बसूनच राहिलं. सुंता झालेली आहे, पण मशिदीत जात नाही. बायको नऊवारीत, गळ्यात मंगळसूत्र, पण घरात देव्हारा नाही. मटण खातो, पण त्या जेवणात दही घेत नाही. मासा आणला तर आधी खवले आहेत का ते बघतो. मौलवीसाहेबांनी सांगितलं, हे मूसाचे लोक. जोशीबुवांनी सांगितलं, आहेत कोकणातलेच कुणीतरी, समुद्राच्या हवेनं असं होतं. शेवटी गावानं जातीचा नाद सोडला आणि वारावरून नाव ठेवलं. शनिवारशेठ.

कारण शुक्रवारी दिवस मावळायच्या आत वखारीला कुलूप लागायचं, ते शनिवारी आभाळात तीन चांदण्या दिसेपर्यंत निघायचं नाही. तेवढ्या वेळात शेठ पैशाला शिवायचा नाही, लेखणी धरायचा नाही, चूल पेटवू द्यायचा नाही. नांदेडच्या भाडेकरूंना हे कळायला फार दिवस लागले नाहीत. त्यातले एक वकीलसाहेब दर शनिवारी भाडं तळहातावर घेऊन दारात उभे राहायचे. "लीजिए सेठ, बाद में मत कहना के दिया नहीं." शेठ तोंड फिरवायचा. रविवारी माणूस पाठवला की वकीलसाहेब पान चघळत सांगायचे, हम तो कल आए थे, सेठ ने लिया नहीं.

लातूरच्या गाडीवाल्यांनी तर याच्याही पुढची मजल मारली. रेणापूरकडून, अहमदपूरकडून कापसाच्या बैलगाड्या यायच्या. शुक्रवारी संध्याकाळी पोचलेल्या गाडीला शनिवारभर थांबावं लागायचं, आणि आपण थांबवलं तर खाऊ आपणच घालायचं, असा शेठचा नियम. माणसांना शुक्रवारीच करून ठेवलेलं भाकरी-वरण, बैलांना कडबा. बैलालाही त्या दिवशी सुट्टी द्यायची असते, आमच्या धर्मातच तसं आहे, असं तो म्हणायचा. झालं. आठवडाभर वखारीत शुकशुकाट आणि शुक्रवारी ऊन कललं की गाड्यांची ही रांग. काही गाड्या सकाळीच येऊन गावाबाहेर लिंबाखाली सोडलेल्या असायच्या, फक्त संध्याकाळ व्हायची वाट बघत. एक शेतकरी तर कापूस नसतानाच आला होता. पुढच्या आठवड्यात आणणार आहे, एवढं सांगायला. त्यालाही वाढलं.

शनिवारभर मग शेठ त्या गाडीवाल्यांच्यात बसायचा आणि गोष्टी सांगायचा. समुद्र दुभंगून त्यातून माणसं पार झाली ती गोष्ट त्याच्या खास आवडीची. गाडीवाल्यांनी ती इतक्यांदा ऐकली होती की ते मधेमधे सुधारणा सुचवायचे. अशा ठिकाणी बैल बुजतात शेठ, आधी बैलांच्या डोळ्यावर फडकं बांधलं म्हणून सांगा. पुढच्या वेळी शेठ फडकं बांधायचा.

आजोबांनी एकदा धीर करून विचारलं, शेठ, हे लोक तुम्हाला बनवून राहिलेत, ध्यानात येतंय ना?

"येतंय की," शेठ म्हणाला. "पण नांदेडला माझ्याशी एवढं बोलतं कोण?"

एका हंगामात त्याला ताप आला आणि त्यातच तो लातूरला गेला. त्यांच्यात माणसाला फार वेळ ठेवत नाहीत, आणि मुंबईला न्यायचं तर आधी आमची छोट्या रुळांची गाडी, मग मोठी गाडी. तेवढा वेळ नव्हता. नव्या कारखान्यासाठी गावाबाहेर त्यानं एक शेत घेऊन ठेवलं होतं, तिथंच त्याला पुरलं. खोदायला मोहल्ल्यातले लोक आले, खांदा गाडीवाल्यांनी दिला. पुढे मुंबईहून भाऊ आला, त्यानं काळ्या दगडावर मराठीत आणि त्यांच्या लिपीत अक्षरं कोरून घेतली, नांदेडचं घर, खोल्या, वखारी सगळं विकलं आणि जाताना माझ्या आजोबांना म्हणाला, "हे शेत तुझं. आणि हा तुझ्याकडे."

हे सगळं मी ऐकलं ते भूकंपात. तेव्हा मी विशीत होतो. लातुरात आमच्या घराला भेगा पडल्या. किल्लारीकडे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. घरात झोपायची कुणाची छाती होत नव्हती. आम्ही ताडपत्र्या घेऊन त्या शेतात गेलो, मागोमाग सगळी गल्ली आली. कितीतरी आठवडे तिथंच चुली आणि तिथंच अंथरुणं. तिकडून रोज कुणीतरी यायचं, रोज काहीतरी सांगायचं आणि ऐकणाऱ्यांची जेवणं तशीच राहायची. मग आजोबा, तेव्हा ऐंशीच्या पुढचे, जेवणाच्या वेळेला त्या काळ्या दगडाशेजारी येऊन बसू लागले. वकीलसाहेबांचं भाडं. बिनकापसाचा शेतकरी. बैलांच्या डोळ्यावरचं फडकं. लोक पहिल्यांदा चोरून हसले, मग हसता हसता जेवू लागले. दगडाला त्या हादऱ्यात मधोमध चीर गेली होती. आजोबा म्हणायचे, शेठनं कूस बदलली असंल.

गोष्टी सांगायचं व्यसन मला लागलं ते तिथं. आजोबांनी ते गरजेपुरतं केलं, मी कायमचं धरलं.

पुढे लोकांच्या मनातली भीती गेली आणि गावात कोचिंग आलं. आमचं शेत गावाबाहेर होतं, ते गावात आलं. बायकोनं मुलींचं हॉस्टेल काढायचं ठरवलं. ती अर्धापूरची, केळीच्या बागेत वाढलेली. कोणत्या झाडाला कधी घड लागणार हे तिला लांबून कळतं. हॉस्टेलचा किराणा, गेटाची वेळ, मुलींची आजारपणं, पालकांची भांडणं सगळं तिच्याकडे. पाटीवर नाव माझं आहे. इमारत बांधताना कबर सोडून बांधली. आता ती परसात, कपडे वाळत घालायच्या तारांच्या पलीकडे, एका लिंबाखाली आहे.

पहिल्याच वर्षी इस्लापूरची एक मुलगी तिथं बसून रडताना सापडली. टेस्टमध्ये मार्क पडले नव्हते आणि तिला घरी जायचं होतं. "सर, मले साधं गणितच येत न्हाई, फिजिक्स कुठून येईल?" मी तिला शनिवारशेठची गोष्ट सांगितली. परक्या गावात एकटा आलेला माणूस, लोकांनी केलेली थट्टा, तरी त्यानं कसा जम बसवला, असं सगळं. शेवटी माझ्या तोंडून निघून गेलं की हा माणूस आयुष्यात एकदाही हिशेबात चुकला नाही. हे आजोबांनी कधीच सांगितलं नव्हतं. मी तसं का बोललो, ठाऊक नाही. वाक्य चांगलं चढत गेलं होतं, त्याला कुठंतरी उतरवायला हवं होतं.

मुलगी डोळे पुसून आत गेली. परीक्षेच्या दिवशी सकाळी तिनं आपल्याजवळचं जास्तीचं पेन त्या दगडावर ठेवलं आणि गेली. तिचा मेडिकलला नंबर लागला.

पुढच्या वर्षी सगळ्या हॉस्टेलनं पेनं ठेवली. त्याच्या पुढच्या वर्षी शेजारच्या हॉस्टेलातल्या मुली भिंतीवरून येऊ लागल्या. शेठचा बाबा झाला. कुणी हिरवी चादर आणली, कुणी भगवी. कुणी नारळ फोडला. दगडावरची हिब्रू अक्षरं म्हणजे रसायनशास्त्रातलं अवघड सूत्र आहे, असा एका अख्ख्या बॅचचा समज होता. शनिवारी शेठ लेखणी धरत नसे, हे मी गोष्टीत सांगत असल्यामुळे मुलींनी लिंबाला पुठ्ठा टांगला होता: शनिवारी नवस बंद. शनिवारी लांबून आलेल्या पालकांना मुली चांदण्या निघेपर्यंत थांबवून ठेवायच्या. ॲडमिशनला येणारे बाप खोली बघायच्या आधी माझ्या बायकोला विचारायचे, बाबा इथलेच ना? ती म्हणायची, हो, इथलेच. तिनं बाबाला कधी हात जोडले नाहीत आणि बाबाविरुद्ध कधी शब्द काढला नाही. हॉस्टेल भरलेलं होतं.

अशात काही वर्षांपूर्वी त्या बाईंचा इस्रायलहून फोन आला, सगळा इंग्रजीतून.

"माझे आजोबा तुमच्याकडे आहेत ना?"

मी हो म्हणालो. त्यांनी सरळच सांगितलं. आजी मुंबईच्या कबरस्तानात आहे. तिच्या शेजारची जागा घरच्यांनी आजवर राखून ठेवलीय. वडील जाताना म्हणाले होते, दोघांना एकत्र ठेव. ते राहून गेलं, आता आपलंही वय झालं. तर मे महिन्यात येते, एकदा बघते आणि आजोबांना मुंबईला न्यायचं ठरवते. जमिनीशी आमचा काही संबंध नाही, ते मनात आणू नका. आणि मग विचारलं, "कबर कशी ठेवलीय?"

"एकदम साधी," मी म्हणालो. "तुमच्या धर्माप्रमाणे."

त्या वेळी त्या कबरीवर दोन चादरी, एक प्लॅस्टिकची माळ आणि जिल्हा परिषदेच्या एखाद्या शाळेला वर्षभर पुरतील एवढी पेनं होती.

त्यांच्यात कबरीला नवस बोलणं, हात जोडणं चालत नाही, हे मला वाचून ठाऊक होतं. माझ्या आजोबांकडे विश्वासानं सोपवलेल्या माणसाचा मी पीर करून ठेवला होता. बाई शेठला नेणार, हे मला नकोच होतं. पण नेण्याआधी त्यांनी हे बघितलं तर काय म्हणतील, याचीच मला जास्त भीती होती. बाई यायच्या आदल्या दिवशी मी गोणपाट घेऊन परसात उतरलो. बायको मागून येऊन उभी राहिली.

"हे काय चाललंय?"

"बाबाचा परत शेठ करतोय."

तिनं काही न बोलता गोणीचं तोंड धरलं. सगळी पेनं, चादरी आणि लिंबावरचा पुठ्ठा आत गेल्यावर म्हणाली की बाबा गेल्यावर नवीन मुली कशाला येतील याचाही जरा विचार करा. मेसच्या वांग्याला तर येणार नाहीत. मग मी मुलींना जमवून सांगितलं, पाहुण्या आहेत तोवर परसात कुणी फिरकायचं नाही. मुलींनी ते मराठीच्या तासाला ऐकतात तसं ऐकलं.

बाई गुरुवारी आल्या, चहा घेऊन आधी परसात गेल्या. धुऊनपुसून लख्ख केलेला काळा दगड, मधे चीर, वर लिंबाची सावली. त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवत ती वाचली, मनातल्या मनात काही म्हणाल्या आणि खालचा एक खडा उचलून दगडावर ठेवला. मी इतका पुसूनबिसून ठेवलेला दगड, म्हणून तो खडा काढायला मी वाकणार, तेवढ्यात बायकोनं माझं कोपर धरलं. त्यांच्यात कबरीवर फुलाऐवजी खडा ठेवतात, हे मला नंतर कळलं.

"छान ठेवलंत हो," बाई म्हणाल्या. "मला वाटलं होतं, गवत माजलं असेल. आता काळजी नाही. मुंबईच्या लोकांशी बोलते, पावसाच्या आत नेऊ."

मी मान डोलावली. इतकी वर्षं मी त्या माणसावर जगलो, लग्नात, बारशात, गच्चीवर, स्टाफरूममध्ये, आणि तो पावसाच्या आत जाणार होता.

शुक्रवारी दुपारी बाईंनी बायकोकडून मनुका मागून घेतल्या, भिजवून, कुस्करून त्यांचं सरबत केलं. दिवस मावळायच्या आधी दोन दिवे लावले, हातांनी डोळे झाकून काहीतरी म्हटलं आणि आम्हा सगळ्यांना घोटघोट सरबत दिलं. दुसऱ्या दिवशीचा चहा थर्मासात भरून ठेवला. शनिवारी त्या व्हरांड्यात पाय लांब करून बसल्या आणि मी, मला कुणी सांगितलं नव्हतं तरी, गोष्टी सांगायला बसलो. वकीलसाहेबांच्या गोष्टीला त्या हसल्या. गाडीवाले आणि समुद्राची गोष्ट आली तेव्हा मात्र त्यांनी मला मधेच थांबवलं.

"थांबा. ते गोष्टी सांगायचे?"

"दिवसभर."

"आमच्या घरात म्हणायचे, आजोबा दिवसात चार शब्द बोलायचे. त्यातले दोन आजीला, 'बरं' आणि 'बरं'." त्या परसाकडे तोंड करून बसल्या. मग म्हणाल्या, "सांगा पुढे."

रविवार परीक्षेचा. सकाळी बाई परसात जाऊन बसल्या होत्या, मी त्यांचा चहा घेऊन निघालो आणि तारांपाशीच थबकलो. मागच्या दारातून मुलींची रांग लागली होती. एका हातात प्रवेशपत्र, एका हातात पेन. गुरुवार-शुक्रवार त्यांनी माझं ऐकलं होतं, शनिवारी तसंही बंदच. पण आता पेपर होता, आणि मी कोण होतो?

रांगेत पुढे देगलूरकडची एक उंच मुलगी होती. बाईंनी तिला विचारलं, "हे काय गं?"

"पेन ठेवून राहिलो आजी. आज पेपर हाय."

"मग कालच ठेवायचं. काल निवांत वेळ होता."

मुलीनं बाईंकडे कीव आल्यासारखं बघितलं. "काल शनिवार होता. शनिवारी त्ये काम करत न्हाईत."

बाईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी लिंबाच्या शेंड्याकडे पाहिलं.

"आणि यांच्याकडे काय मागता तुम्ही?"

"गणित. जिंदगीत एकदा बी हिशेब चुकला न्हाई ह्यांचा. सर सांगतेत."

बाईंचे खांदे हलायला लागले. आधी मला वाटलं, रडतायत. त्यांनी पदर तोंडाला लावला, तरी हसू आवरेना. शेवटी त्या शेजारच्या बादलीवर हात टेकून म्हणाल्या, "अगं, त्यांना बेरीज येत नव्हती."

मग त्यांनी सांगितलं आणि मुली पेनं धरून ऐकत राहिल्या. सगळे आकडे आजी बघायची. नांदेडच्या खोल्या कुणाला द्यायच्या, कापूस कोणत्या भावानं उचलायचा, सगळं तिच्या डोक्यात. शनिवारी चांदण्या निघाल्या की आजी विचारायला बसायची आणि आजोबांना घाम फुटायचा. म्हणून ते कापसाचा हंगाम लांबवायचे. सगळ्यांच्या वखारी बंद झाल्या तरी यांना लातूरला काम असायचं. आजी म्हणायची, "कापूस त्यांचा, आकडे माझे."

पेपरला काही तास उरलेले आणि बाबाला बेरीज येत नाही. मागून कुणीतरी हळूच विचारलं, "मग त्या आजी कुठं हायत?"

"मुंबईला."

"लई लांब हाय," ती म्हणाली. त्यावर रांगेत थोडी कुजबुज झाली. एकीनं दगडावर ठेवलेलं पेन परत उचललं.

देगलूरकडची मुलगी जागची हलली नव्हती. "ऱ्हाऊ दे गं," ती तिला म्हणाली. "ज्याला येत नव्हतं, त्यालाच कळंल आपलं." आणि तिनं आपलं पेन दगडावर ठेवलं. मग तिच्या मागचीनं ठेवलं. पेन उचललेल्या मुलीनंही परत ठेवलं, मात्र जरा विचार करून.

बाईंनी त्या उंच मुलीला जवळ बोलावलं. "तू इथे एरवीही येतेस?"

"हाव."

"काय बोलतेस यांच्याशी?"

"काहीच न्हाई. घरी फोन लावला की बापू मार्क इचारतेत. क्लासात सर मार्क इचारतेत. हितं कुणी काही इचारत न्हाई." एवढं सांगून ती घाईनं गेली, कारण बायको गेटावरून एकेकीला ऑटोत बसवत होती.

परसात मी आणि बाई उरलो. चहा निवला होता. मी माफी मागायला सुरुवात केली. चादरी, नारळ, हिशेब कधी चुकला नाही म्हणून सांगितलेलं, गोणी, सगळं एकदम सांगायला लागलो. बाईंनी हातानंच थांबवलं.

"माझ्या वडिलांना वाटायचं, दोघांना एकत्र ठेवावं," त्या म्हणाल्या. "लहानपणी बाप गेलेला, त्यांना तसं वाटणारच. पण आजोबांना कुणी विचारलं नव्हतं. आजीलाही नाही." मग म्हणाल्या, "आमच्या घरात आता माझ्याशिवाय शनिवार कुणी पाळत नाही. मुलं म्हणतात, आई, त्या दिवशी ट्रॅफिक कमी असतो."

मी काही बोललो नाही. इतकं न बोलणं मला आयुष्यात कधी जमलं नव्हतं.

"राहू दे त्यांना," बाई म्हणाल्या. "मुंबईला त्यांच्याजवळ कोण येऊन बसणार आहे? पण नारळ नाही, उदबत्ती नाही, चादर नाही. हात जोडायचे नाहीत. ते शेठ होते, बाबा नव्हते."

"आणि पेनं?"

त्यांनी दगडाकडे बघितलं. "पेनं चालतील. पेपर झाला की ज्याचं त्याला परत द्या." चहाचा थंड कप त्यांनी तसाच पिऊन टाकला. "उद्या मुंबईला आजीकडे जाईन. सांगेन तिला, ते अजून लातूरलाच आहेत. तिला काही नवल वाटायचं नाही."

त्याच संध्याकाळी आम्ही त्यांना गाडीत बसवलं. मोडक्या चाकाची बॅग मीच उचलली. डब्याच्या दारात त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या की तुम्ही मराठी शिकवता ते बरंच आहे, इतिहास शिकवत असता तर कठीण होतं. बायको माझ्याआधी हसली.

घरी आल्यावर बायको कट्ट्यावर बसून भेंड्या चिरत होती. पेपर सोपा गेलेल्या मुली वर गच्चीवर आरडाओरडा करत होत्या, अवघड गेलेल्या परसात बसल्या होत्या. शेठ राहिला, म्हणून मी अगदी भरून आलो होतो. त्या भरात मी तिला विचारलं, "मी गेल्यावर माझ्याशेजारीही असं कुणी येऊन बसेल का गं?"

तिनं सुरी थांबवली नाही.

"आपल्यात पुरत नाहीत, ते एक बरं आहे," ती म्हणाली. "नाहीतर मेल्यावरही तुम्हाला ऐकणारे मिळाले असते."